घण तिच्या हातात, सांडशी त्याच्या

 

आज बोलायचं आहे लोहाराच्या सांडशीबद्दल. तुम्ही म्हणाल, लोहारकामाशी आपला काय संबंध? संबंध रोजचा आहे. राबासाठी कवळं तोडायचं तर कोयता लागतो, भाजीच्या वाफ्यात खुरपं लागतं, कापणीला विळा लागतो, घरात विळी आणि लाकडं फोडायला कुऱ्हाड लागते. आपल्या ठाकूर, कातकरी वाड्यांवर तर कमरेच्या आकडीला कोयता लावल्याशिवाय कोणी रानात जात नाही. ही सगळी हत्यारं वापरणारे हात बहुतेक बायकांचे असतात. ती बनवणारे हात कोणाचे असतात, ते आज नीट बघू.

दोघांचं काम, नाव एकाचं

पावसाच्या तोंडावर बाजाराच्या रस्त्याला घिसाडी कुटुंबांची पालं पडतात. घिसाडी म्हणजे गावोगाव फिरून लोहारकाम करणारा समाज. महाराष्ट्रात त्यांची नोंद भटक्या जमातींत आहे. पुष्कळ कुटुंबं आता एका जागी राहू लागली आहेत, तरी हंगामात अजूनही फिरतात. जमिनीत छोटी भट्टी, बाजूला हाताने फिरवायचा किंवा विजेवरचा पंखा, मध्ये पुरलेली ऐरण. अशा पालापाशी थांबून कोण काय करतं ते बघा.

पुरुष बसलेला असतो. त्याच्या डाव्या हातात सांडशी, तिच्यात तापलेलं लोखंड, उजव्या हातात लहान हातोडा. समोर बाई उभी असते आणि तिच्या हातात घण असतो. हा घण 3 ते 5 किलोचा असतो. ती तो डोक्यावर उचलते आणि बरोबर सांगितल्या जागी मारते. पुरुष हातोड्याची हलकी टिचकी मारून जागा दाखवतो, त्यावर तिचा घाव पडतो. पुन्हा टिचकी, पुन्हा घाव. हातोडा नुसत्या ऐरणीवर वाजला की थांबायचं. मध्ये एक शब्द बोलावा लागत नाही.

हे काम फक्त ताकदीचं नाही. घाव बोटभर जरी सरकला तरी विळ्याचं पातं वाकडं होतं, किंवा सांडशी धरणाऱ्याचा हात जायबंदी होतो. दिवसाला शेकडो घाव नेमके घालणारी बाई कसबी कारागीरच असते. पण आपण बाजारातून येताना काय म्हणतो? “लोहाराकडून कोयता आणला.” लोहार म्हणजे तो. ती लोहाराची बायको.

असं का होतं? कारण सांडशी त्याच्या हातात असते. लोखंड भट्टीतून कधी काढायचं, कोणत्या अंगावर फिरवायचं, पुन्हा कधी तापवायचं, पाण्यात कधी बुडवायचं, हे सगळं सांडशी धरणारा ठरवतो. घण मारणारीचं लक्ष घावावर असतं आणि धरणाऱ्याचं लोखंडाच्या रंगावर. वर्षानुवर्षं एकाच भट्टीवर काम करूनसुद्धा रंगाची पारख त्याच्याकडे साठत जाते, तिच्याकडे नाही. मग तो आजारी पडला किंवा वारला, की भट्टी बंद होते. घण मारायला माणूस मिळतो, पण सांडशी धरायला तिला कोणी शिकवलेलं नसतं.

म्हणून आज सांडशी म्हणजे काय, ती कशी निवडायची आणि शिकणारीने सुरुवात कुठून करायची, ते समजून घेऊ.

सांडशी काम कशी करते

आपल्या घरातली सांडशी डोळ्यांसमोर आणा. गरम पातेलं उतरवतो ती. लोहाराकडची मोठी असते, तिला सांडस असंही म्हणतात. भाग तेच तीन: पुढे तोंड, मध्ये रिबीट मारलेला सांधा, मागे लांब दांडे.

सांध्यापासून तोंड जवळ आणि दांड्याचं टोक लांब, म्हणून आपला जोर वाढतो. समजा तोंड सांध्यापासून 6 सेंटिमीटरवर आहे आणि आपण दांडे 36 सेंटिमीटरवर धरले, तर जोर सहापट होतो. हाताने 5 किलोच्या जोराने दाबलं, तर तोंडाशी 30 किलोची पकड मिळते. पहारीने दगड उचकटतो, त्यातलीच ही युक्ती आहे. लांब दांड्यांचा दुसरा फायदा असा की हात आगीपासून दूर राहतो.

पण जोर कितीही असला तरी तोंड मापाचं नसेल तर पकड बसत नाही. ही गोष्ट नव्याने शिकणाऱ्यांना सगळ्यात जास्त नडते. सांडशीत लोखंड धरलं असताना तिचे दोन्ही ओठ एकमेकांना समांतर हवेत आणि लोखंडाला पूर्ण लांबीवर टेकलेले हवेत. जाड तुकडा धरला आणि ओठ फक्त मागच्या बाजूला टेकले, पुढे फाकले, तर घाव पडला की तुकडा पुढे निसटणार. पातळ तुकडा धरला आणि ओठ फक्त टोकाला टेकले, तर तो गरकन फिरणार. लाल तापलेलं लोखंड ऐरणीवरून उडालं तर पायावर, मांडीवर, शेजारी खेळणाऱ्या पोरावर पडतं. भट्टीवरची भाजणी अशी होते.

म्हणून एक सांडशी सगळ्या कामाला पुरत नाही. पट्टीसाठी सपाट तोंडाची लागते. सळईसाठी तोंडाला आतून खाच असलेली लागते, म्हणजे गोल लोखंड फिरत नाही. वेगळ्या कामाची पकडही वेगळी असते. आपल्या माथेरानचंच बघा. तिथे मोटारगाड्यांना बंदी, म्हणून माणसं आणि सामान वाहायला घोडे लागतात आणि घोड्यांना नाल लागतात. जुना नाल उपसून काढायला नालबंदाकडे जी पकड असते, तिचे ओठ आत वळलेले आणि धारेचे असतात. त्या पकडीने तापलेली पट्टी धरता येणार नाही, आणि सपाट सांडशीने खुरातला नाल निघणार नाही.

हाताचं माप

आता बायकांसाठी महत्त्वाचं. लोखंड तोंडात धरलेलं असताना मागचे दोन दांडे एकमेकांपासून किती लांब राहतात, ते बघा. ते आपल्या मुठीत आरामात मावले पाहिजेत. दांडे जास्त फाकलेले राहिले तर बोटं ताणली जातात, पाच मिनिटांत मनगट भरून येतं आणि पकड सैल पडते.

बहुतेक सांडश्या पुरुषाच्या पंजाच्या मापाच्या असतात. बाईने धरून पाहिली की हात थरथरतो आणि लगेच ऐकायला मिळतं, “हे बायकांचं काम नाही.” खरं तर दांडे तापवून आत वाकवले की तीच सांडशी तिच्या हाताची होते. काम एका तावाचं आहे. आणखी एक सोपी सोय म्हणजे दांड्यांवरून सरकवायची लोखंडी कडी. लोखंड धरलं, कडी मागे घट्ट सरकवली, की सांडशी आपोआप आवळलेली राहते. हाताला फक्त दिशा द्यावी लागते, सतत दाबून धरावं लागत नाही.

शिकायला सुरुवात कशी करायची

शिकणारीने पहिल्या दिवशी सांडशी हातात घेऊच नये. दोन-अडीच फूट लांब सळई घ्यायची, एकच टोक तापवायचं आणि दुसरं टोक हातात धरून घडवायचं. लोखंडात उष्णता हळूहळू मागे सरकते, म्हणून हाताचं टोक बराच वेळ थंड राहतं. त्या दिवसांत डोळ्याला रंग ओळखायला शिकवायचं. गडद लाल, मग चमकदार लाल, मग केशरी, मग पिवळा. केशरी-पिवळ्या रंगाला लोखंड मऊ होऊन घाव मानतं. लाली मावळली की थांबून पुन्हा तापवायचं. ठिणग्या उडायला लागल्या म्हणजे लोखंड जळायला लागलं. उन्हात हे रंग दिसत नाहीत, म्हणून भट्टी नेहमी सावलीत असते.

हात बसला की स्वतःची पहिली सांडशी बनवायची. सगळ्यात सोपी सांडशी पट्टीची. साध्या नरम लोखंडाच्या दोन पट्ट्या घ्या. रुंदी 20 ते 25 मिलिमीटर, जाडी 5 ते 6 मिलिमीटर, लांबी साधारण 45 सेंटिमीटर. गाडीचा जुना कमानपाटा कोयत्याला चांगला, सांडशीला नको. तो पोलादी असतो. काम करताना तापलेली सांडशी पाण्यात बुडवावी लागते, तेव्हा पोलाद कडक होऊन तडकू शकतं.

दोन्ही पट्ट्यांना टोकापासून चार बोटांवर भोक पाडून घ्या. वेल्डिंगच्या दुकानात पाच मिनिटांचं काम आहे. मग भोकाच्या पुढचा भाग तापवून त्याला पाव फेरा पीळ द्यायचा. का? कैचीच्या पात्यांसारख्या दोन पट्ट्या एकमेकींवर ठेवल्या तर पुढे त्यांच्या कडा समोरासमोर येतात. कडेने पकड बसत नाही. पाव पीळ दिला की सपाट बाजू समोरासमोर येतात आणि ओठ तयार होतात.

इथे एक जागा आहे जिथे नवशिके हमखास फसतात. सांडशीचे दोन भाग आरशातल्यासारखे उलटसुलट असतील असं वाटतं. तसं नसतं. दोन्ही भाग अगदी एकसारखे लागतात. पहिल्याला उजवीकडे पीळ दिला तर दुसऱ्यालाही उजवीकडेच द्यायचा. मग एक भाग पालथा करून दुसऱ्यावर ठेवला की जोडी जमते. म्हणून पहिला भाग तयार झाला की तो समोर ठेवून दुसरा करायचा.

रिबीट तापवून मारायचं. मारल्यावर सांधा जाम होतो, त्याने घाबरायचं नाही. सांधा पुन्हा लाल करायचा आणि थंड होईपर्यंत सांडशी उघडमीट करत राहायची, म्हणजे सैल होतो. शेवटी तोंड तापवून, ज्या जाडीचं लोखंड धरायचं आहे तो थंड तुकडा मध्ये ठेवून ओठ ठोकून बसवायचे आणि त्याच वेळी दांडे आपल्या मुठीच्या मापाला वाकवून घ्यायचे. झाली आपली सांडशी.

जपायच्या गोष्टी

भट्टीपाशी सुती कपडे घाला. नायलॉन किंवा पॉलिस्टरची साडी ठिणगीने वितळून कातडीला चिकटते. पदर खोचा, ओढणी काढून ठेवा, केस बांधा, काचेच्या बांगड्या उतरवून ठेवा. पायात बंद चप्पल किंवा बूट, डोळ्यांना साधा चष्मा तरी हवाच. ओल्या फडक्याने गरम लोखंड धरू नका, पाण्याची वाफ होऊन हात भाजतो. काळं दिसणारं लोखंड थंड असतं असं समजू नका. आधी तळहाताची मागची बाजू जवळ नेऊन धग बघा.

भंगारातले पांढरट चकचकीत पाइप आणि पत्रे भट्टीत कधीही टाकू नका. त्यांच्यावर जस्ताचा मुलामा असतो. तो जळला की पांढरा धूर निघतो आणि छातीत गेला तर थंडी वाजून ताप येतो. भट्टी मोकळ्या हवेत ठेवा आणि पोरांना दोन हात लांब नाही, चांगलं दहा हात लांब बसवा.

कोळशाबद्दल एक शब्द. लोहाराच्या भट्टीला पुष्कळदा लाकडी कोळसा लागतो. तो पाडायला आपल्याच रायगडातली कातकरी कुटुंबं भातकापणीनंतर उचल घेऊन परजिल्ह्यांत कोळसाभट्ट्यांवर जातात. नवरा-बायको दोघं धुरात राबतात आणि हिशेब मात्र जोडप्याचा एकच होतो, तोही पुरुषाच्या नावावर. म्हणजे कोळशापासून कोयत्यापर्यंत बाईचं काम सगळीकडे आहे, नोंद कुठेच नाही.

सांडशी सापासाठी नाही

लोहारकामाचा विषय निघाला की एक प्रश्न हमखास येतो. पोरं लोहाराकडून लांब सांडशी करून घेतात आणि घरात निघालेला साप तिने धरतात. हे चालेल का? नाही चालणार. सांडशीची पकड सहापट असते, हे आत्ताच पाहिलं. सापाच्या नाजूक फासळ्या त्यात मोडतात. दुखावलेला साप वळून चावायला बघतो आणि लोखंडावरून निसटलाही तर सरळ माणसाच्या अंगावर येतो. आपल्याकडे नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं हे चारही विषारी साप आहेत. शिवाय साप, घोरपड असे रानातले जीव पकडणं, मारणं किंवा हौसेने घरात पाळणं वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 नुसार गुन्हा आहे. साप दिसला तर लांबून नजर ठेवा आणि वन विभागाच्या 1926 या क्रमांकावर फोन करा. कोणाला चावलाच तर 108 ला फोन करून थेट सरकारी दवाखाना गाठा. चिरणं, चोखणं, आवळून बांधणं यात वेळ घालवू नका.

कागदावर कोण लोहार?

आता मुद्द्याची गोष्ट. 17 सप्टेंबर 2023 ला केंद्र सरकारची प्रधानमंत्री विश्वकर्मा योजना सुरू झाली. त्यात 18 पारंपरिक व्यवसाय आहेत. लोहार आहे, आणि हातोडा व हत्यारं बनवणारे हा वेगळा व्यवसायही आहे. नोंदणी झालेल्या कारागिराला ओळखपत्र मिळतं, प्रशिक्षण मिळतं, प्रशिक्षणाच्या काळात रोजचे 500 रुपये मिळतात, हत्यारांसाठी 15,000 रुपयांपर्यंत मदत मिळते. तारण न ठेवता आधी 1 लाख आणि ते फेडल्यावर 2 लाखांपर्यंत कर्ज 5 टक्के व्याजाने मिळू शकतं.

पण अट अशी की एका कुटुंबातून एकाचीच नोंदणी होते. कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि लग्न न झालेली मुलं. मग नाव कोणाचं लागणार? “लोहार कोण?” असं विचारलं की बोट सांडशी धरणाऱ्याकडे जातं. घण मारणारीला ओळखपत्र नाही, प्रशिक्षण नाही, कर्ज नाही. उद्या ती एकटी राहिली तर “मी वीस वर्षं लोहारकाम केलं” हे सांगायला तिच्याकडे कागद नसतो.

योजनेत बाईने अर्ज करायला कुठेही बंदी नाही. वय 18 पूर्ण हवं आणि स्वतःच्या हाताने, हत्याराने तो धंदा करत असली पाहिजे. अर्ज गावच्या सेवा केंद्रातून भरतात आणि पहिली पडताळणी ग्रामपंचायतीत होते. ग्रामपंचायतीत आपल्या बायका सदस्य आहेत, सरपंच आहेत. तेव्हा पडताळणीच्या वेळी “ती नुसती मदत करते” असं कोणी म्हणालं, तर घण उचलून बघा म्हणायचं. आणि जी कुटुंबं वर्षभर फिरतात त्यांना कोणत्या गावाने ओळख द्यायची, हा प्रश्नही मासिक सभेत मांडायला हवा. दर पावसाळ्याच्या तोंडावर ती आपल्याच बाजारात बसतात.

गट म्हणून आपण काय करू शकतो

सगळ्यांनी भट्टी लावायची असं मी म्हणत नाही. पण चार गोष्टी जमण्यासारख्या आहेत.

पहिली, गटातल्या सगळ्यांचे कोयते, खुरपी आणि विळे एकदम गोळा करून पावसाआधी शेवटायला द्यायचे. पंचवीस-तीस नग एकत्र दिले की लोहार कुटुंबालाही एका जागी काम मिळतं. भाव ठरवताना पैसे दोघांसमोर द्या, दोघांच्या कामाचे म्हणून द्या.

दुसरी, हत्यार घेताना मूठ आपल्या हाताच्या मापाची मागा. भात कापायला हलका, दातेरी विळा हवा असेल तर दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचा वैभव विळा आहे. त्याला वरचेवर धार लावावी लागत नाही. कर्जतला याच विद्यापीठाचं भात संशोधन केंद्र आहे, तिथे चौकशी करा.

तिसरी, आपल्या गावात लोहारकाम करणारं घर असेल तर तिथल्या ताईला गटात घ्या. तिच्या नावावर बचत सुरू करा.

चौथी, तिला विचारा, “सांडशी धरून पाहिलीस का कधी?” नसेल धरली तर घरच्यांशी बोला. दिवसातून एक ताव तिने सांडशी धरायची, त्याने घण मारायचा. एका हंगामात रंग कळायला लागतो. त्याचा फायदा त्यालाही आहे. त्याचा हात दुखावला तरी भट्टी पेटती राहील, चूलही पेटती राहील.

पुढच्या बैठकीत ही माहिती वाचून दाखवा आणि आपल्या वाडीवस्तीवर घण मारणाऱ्या बायका किती आहेत, त्यातल्या किती जणींच्या नावावर काही कागद आहे, ते मोजा. तो आकडा आम्हाला कळवा, कार्यक्रमात आपण तो सांगू. तोवर हत्यारं धारदार ठेवा आणि हात सांभाळा. नमस्कार.